आतली कडी

माझ्या आजीच्या उशाशी तिच्या अखेरच्या दिवसापर्यंत एक गाठोडे असे. जुन्या इरकलीच्या धडप्यात बांधलेल्या त्या गाठोड्यात दोन लुगडी, पितळेचा एक तांब्या, मिठाची पुरचुंडी, वाळलेल्या मिरच्या आणि चंचीत खोचलेले थोडे रुपये एवढाच ऐवज होता. दर दिवाळीच्या आधी ती ते सोडून उन्हात पसरी, जुन्या मिरच्या काढून नव्या भरी आणि पहिल्यासारखीच गाठ मारून परत उशाशी ठेवी. आमचे गाव उमरगा तालुक्यातले. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने गावातली बरीच घरे हैदराबाद संस्थानाची हद्द ओलांडून रातोरात सोलापूर-बार्शीकडे निघून गेली, त्यांत आमचेही घर होते. सप्टेंबरात हिंदी फौजा आत शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि लोक हळूहळू गावी परतले. त्यानंतर पुन्हा पळण्याची वेळ आजीवर कधीच आली नाही, तरी पुढची सत्तेचाळीस वर्षे गाठोडे बांधलेलेच राहिले. आम्ही नातवंडे त्यावरून तिची थट्टा करायचो. मोठी माणसे मात्र एकाच वाक्यात विषय संपवीत, ‘तिनं तेव्हाचा धसका घेतलाय.’

धसका हा शब्द मला पुढे नोकरीत फार उपयोगी पडला. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून तीस वर्षे काम करताना मी जे ऐकले, त्यातले बरेचसे याच घरगुती शब्दांत होते. कोणी हाय खाल्लेली असे, कोणाच्या डोक्यात भुंगा शिरलेला असे, कोणाचा जीव संध्याकाळ झाली की घाबराघुबरा होई. छातीत धडधडते म्हणून माणूस ओपीडीत येई, कागदावर हृदयाची पट्टी ठीक निघे आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असे सांगून त्याला परत पाठवले जाई. त्याच्या हृदयाला काही झालेले नव्हते हे खरेच होते.

आमच्या शेजारी मणियारांचे घर होते. त्या घरातल्या बाईला सारी आळी खाला म्हणे. आमच्याकडचे विरजण संपले की आजी खालाकडे वाटी पाठवी, खालाचे संपले की तिची वाटी आमच्याकडे येई. या खालाची एक गोष्ट आम्हा मुलांना विचित्र वाटे. गावातला आड तिच्या दारापासून वीस पावलांवर होता, पण ती त्याचे पाणी कधी भरत नसे. आधी नदीच्या झऱ्यावर आणि पुढे गावाबाहेर हापसा बसला तेव्हा हापशावर, उन्हातान्हाची ती घागर घेऊन जाई. तिचे गुडघे दुखू लागल्यावर आमची आई रोज एक घागर हापशावरून आणून तिच्या ओट्यावर ठेवू लागली. आडाचे पाणी दिले तर काय बिघडेल, असे मी आईला एकदा विचारले होते. तिने ‘सासूबाईंनी सांगितलंय’ एवढेच उत्तर दिले.

मराठवाड्यात १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो आणि तो व्हायलाच हवा. निजामाची राजवट आणि रझाकारांचे अत्याचार आमच्या घराने भोगलेले आहेत. परंतु त्या सप्टेंबरात आणि त्याच्या पुढच्या आठवड्यांत याच भूमीवर आणखी एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल झेंडावंदनाच्या भाषणात कोणी बोलत नाही. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात हिंडून अहवाल लिहिला. मारल्या गेलेल्यांचा, बहुतांशी मुसलमानांचा, आकडा तिने अगदी हात राखून सत्तावीस ते चाळीस हजार सांगितला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) व नांदेड यांची नावे घातली. हा अहवाल २०१३ पर्यंत लोकांना वाचायला मिळाला नाही. वाचला तेव्हा त्यातले बरेच काही मला नवे नव्हते, कारण त्याच्या वीस वर्षे आधी एका पत्र्याच्या शेडमध्ये खालाच्या तोंडून मी ते ऐकले होते.

त्या शेडकडे येण्यापूर्वी १९७८ बद्दल लिहिले पाहिजे, कारण माझी पहिली मोठी चूक त्या वर्षातली आहे.

त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. अनेक गावांत घरे जळाली. मी समाजकार्याचे शिक्षण नुकतेच संपवले होते आणि मदत वाटणाऱ्या एका पथकाबरोबर परभणी जिल्ह्यातल्या एका गावी गेले होते. आमच्याकडे छापील याद्या होत्या. पत्रे, घोंगडी, भांडी, ज्वारी, कपडे अशा रकान्यांपुढे घरटी आकडा लिहायचा. एका बाईचे घर जळून गेले होते आणि तिच्यासाठी पत्र्याची खोली उभी राहिली होती. तिला काय हवे म्हणून विचारले, तेव्हा तिने पत्रे मागितले नाहीत, ज्वारी मागितली नाही. ‘माय, दाराला आतून कडी तेवढी बसवून द्या,’ ती म्हणाली. पाहिले तर खरेच, कुलूप लावण्यासाठी त्या दाराला बाहेरून कडी होती आणि आतल्या बाजूला काहीच नव्हते. रात्री ती दाराला जाते टेकवून त्याला पाठ लावून बसत असे. मी यादीच्या कडेला पेन्सिलीने ‘कडी’ असे लिहिले. पथकप्रमुखांनी संध्याकाळी याद्या तपासताना ते खोडले, कारण तसा रकाना नव्हता. बाजारात कडी मिळत होती, तीही मी विकत घेऊन दिली नाही, हे येथे लिहून ठेवले पाहिजे.

चूक मात्र ही नव्हे. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्यासमोर बसले आणि त्या रात्री काय काय झाले ते सुरुवातीपासून सांगा, असे म्हणाले. तिने ते पोलिसांना सांगितले होते, तलाठ्याला सांगितले होते, दोन पुढाऱ्यांना आणि एका वार्ताहरालाही सांगितले होते. मन मोकळे केले की ते हलके होते, असे मला शिकवलेले होते आणि मी आणखी एकदा तिचे मन मोकळे करायला निघाले होते. ती बोलू लागली. बोलता बोलता तिचा आवाज सपाट होत गेला, जणू ती दुसऱ्याच कोणाची हकिकत वाचून दाखवत होती. तव्यावरची भाकरी करपून खोलीभर धूर झाला तरी तो वास तिला आला नाही. मी भाकरी उलटली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले आणि ‘तुम्ही कोण?’ असे विचारले. त्यानंतर आमचे पथक दिसले की ती शेताकडे निघून जाई.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आघातोत्तर तणावाच्या विकाराला आपल्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र जागा दिली ती १९८० साली. म्हणजे तेव्हा मला ते नाव माहीत असण्याचे कारण नव्हते, असे म्हणून मी बरीच वर्षे स्वतःची समजूत घातली. पण करपलेल्या भाकरीचा वास येत नसलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारू नये, हे समजण्यासाठी निदानपुस्तिका लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही पुढे स्पष्टच सांगितले आहे की, आघातानंतर माणसाला एकदा बसवून सगळे वदवून घेण्याची पद्धत वापरू नये. संकटात मानसिक आधार कसा द्यावा यासाठी तिने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतली तत्त्वे तीन शब्दांत मावतात, ‘पाहा, ऐका, जोडून द्या’. पाहा म्हणजे माणूस सुरक्षित आहे का, तातडीची गरज काय आहे ते पाहा. ऐका म्हणजे तो सांगेल तेवढेच ऐका. जोडून द्या म्हणजे त्याला त्याच्या माणसांशी आणि मिळू शकणाऱ्या मदतीशी जोडून द्या. कडी यातल्या पहिल्याच शब्दात येते. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणा आणि सेवाभावी संस्था यांनी मिळून २००७ साली संकटकाळातल्या मानसिक आधाराचा जो आराखडा केला, तो पिरॅमिडच्या आकाराचा आहे. तळाशी निवारा, अन्न, सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या माणसांनी द्यायची मदत आणि अगदी टोकाला मनोविकारतज्ज्ञ. आपल्याकडे या विषयावरची चर्चा टोकापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते, कारण तिथली पदे रिक्त असतात.

आता शेड. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला आणि आमचे निम्मे गाव दगडामातीखाली गेले. आजी वाचली, खाला वाचली. पुढचे कित्येक आठवडे सगळी आळी एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये होती. बाहेर पाऊस आणि आत दर थोड्या वेळाने कोणीतरी जमीन हलल्याचे सांगून उठून बसे. पण तिथे मी एक गोष्ट पाहिली, जी १९७८ च्या त्या वस्तीत दिसली नव्हती. लोक बोलत होते. कोणाचे कोण गेले, कोणाला किती तासांनी बाहेर काढले, हे रडत, भांडत, मध्येच हसतही सांगत होते. डॉक्टर येत होते, मन शांत कसे करावे हे सांगणारे लोकही येत होते, पुढे अभ्यासकांनी या गावांत मानसिक आरोग्याच्या पाहण्याही केल्या. भूकंपाने ज्याचे घर पाडले त्याला मान खाली घालावी लागत नव्हती, कोणाचे नाव घेताना आवाज उतरवावा लागत नव्हता आणि ज्याने घर पाडले तो समोरच्या गल्लीत राहत नव्हता.

अशाच एका रात्री खाला अचानक म्हणाली, ‘तेव्हाबी असाच पाऊस होता.’ कोणता तेव्हा, हे कोणी विचारले नाही. ती माझ्या आजीच्या शेजारी एका गोधडीत बसली होती. तिचा नवरा आणि दीर त्या सप्टेंबरात मारले गेले होते, एवढे गावाला माहीत होते. तिने जे सांगितले ते पुढचे होते. ‘माझी जाऊ आन् तिची पोरगी आडात गेल्या. मी काठावर बसून ऱ्हायले. माझ्यानं झालं नाही.’ एवढे बोलून ती थांबली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. बऱ्याच वेळाने आजी म्हणाली, ‘आडाचं मला ठावं होतं.’

१९४८ साली आमचे घर गावी परतले तेव्हा आडाला कठडा नवा बांधलेला होता आणि तो का बांधला, हे आजीने ताडले होते. खालाच्या जावेचा आणि तिच्या पोरीचा पाठलाग कोणी केला, हेही तिला ठाऊक होते आणि खालालाही ठाऊक होते. पाठलाग करणाऱ्यांतल्या एकाच्या नातवाच्या लग्नात आजी आणि खाला एकाच पंगतीला जेवल्या होत्या. पंचेचाळीस वर्षे एक बाई दुसरीचे दुःख ओळखून होती, तिच्या ओट्यावर सुनेकरवी घागर पोहोचवत होती आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. या गोष्टीचा अर्थ मी आजवर वेगवेगळ्या तऱ्हेने लावला आहे. समाजाचा आधार म्हणतात तो हाच, असे मला पूर्वी वाटे आणि व्याख्यानांत मी ते सांगतही असे. आता वाटते की ती घागर फार मोठी होती, पण तिच्या आड पंचेचाळीस वर्षांचे मौनही सोयीने लपत होते, आमच्या आळीचे, आमच्या घराचेही. आजीने १९५० साली ते वाक्य उच्चारले असते तर खालाच्या रात्री वेगळ्या गेल्या असत्या की नाही, हे सांगता येत नाही. त्या रात्रीनंतर खाला आडाचे पाणी भरू लागली असे काही झाले नाही, कारण गावच उठून नव्या वसाहतीत गेले. तिथे नळ होते. आजीने गाठोडे मात्र नव्या घरातही उशाशीच ठेवले, ते १९९५ साली ती गेल्यावर आम्ही सोडले.

संघर्षातला आघात हा असा असतो. तो एकट्याने सोसायचा नसतो एवढे म्हणून भागत नाही, कारण ज्यांच्याबरोबर सोसायचा त्यांतलेच काही तो देणारे असतात. ज्याने घराला आग लावली त्याच्याच शेतावर दुसऱ्या महिन्यात खुरपायला जावे लागते, त्याच रेशन दुकानाच्या रांगेत उभे राहावे लागते. अशा वेळी ‘गावाने आधार द्यावा’ हे वाक्य फार भाबडे ठरते. गावाच्या आतच, पण गावातल्या कोणत्याही एका आळीची नसलेली, अशी एखादी जागा लागते.

बेलफास्टमध्ये १९९१ साली हिंसाचारात नवरे गमावलेल्या काही बायकांनी एकत्र येऊन वेव्ह नावाचा आधारगट सुरू केला, त्याबद्दल मी निवृत्तीनंतर वाचले. उत्तर आयर्लंडची लोकसंख्या आपल्या जालना जिल्ह्याएवढी. तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. या गटाचे वैशिष्ट्य असे की, नवरा कोणत्या बाजूच्या गोळीने मेला हे न पाहता कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्हीकडच्या बायकांना तो खुला होता. करार होऊन इतकी वर्षे लोटली तरी त्याचे काम चालूच आहे, यावरून आघाताचे आयुष्य तहापेक्षा किती मोठे असते ते कळते. दुसरे उदाहरण झिम्बाब्वेचे. तिथे डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ साली वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवले. या आज्या औषध देत नाहीत, समोरच्याचे ऐकतात आणि एका वेळी एक अडचण सोडवायला मदत करतात. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार करणे. आमच्या डोक्यातला भुंगाच तो.

आपल्याकडे कायदा आणि योजना नाहीत असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा आहे, जिल्हा पातळीवर तो १९९६ पासून उतरू लागला. २०१८ च्या मे महिन्यात लागू झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला देतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्तीने आलेल्या १५अ या कलमात पीडितांचे आणि साक्षीदारांचे संरक्षण, प्रवासखर्च आणि खटला चालू असतानाचे सामाजिक-आर्थिक पुनर्वसन यांची तरतूद आहे. पैकी तारखेला येण्याजाण्याचा खर्च मागता येतो, एवढे जरी वेळेवर सांगितले तरी बाईची त्या आठवड्याची झोप सुधारते, हे मी स्वतः पाहिले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे, मराठीतही बोलता येते आणि मी तो क्रमांक सर्वांना देते. मात्र दोन खणांच्या घरात, जिथे सासरा उंबऱ्यावर बसलेला असतो, तिथे फोनवर मनातले बोलायचे कसे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी शेतात जाऊन बोला असे सांगते. उन्हाळ्यात तेही जमत नाही.

निवृत्तीनंतर तालुक्याच्या गावी आम्ही काही जणींनी दर मंगळवारी एकत्र बसायला सुरुवात केली. त्याला आम्ही नाव दिलेले नाही, फलक लावलेला नाही. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार असलेल्या दोघी येतात, दंगलीत दुकान जळालेली एक येते, सीमेवरून परतलेल्या नवऱ्याच्या रात्रीच्या ओरडण्याने जागी राहणारी एक येते. गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, कधी कोणाला पाठवतात, कधी स्वतःच बसतात, कारण गावभर फिरून त्यांनाही पुष्कळ ऐकावे लागते. आमचे नियम अनुभवातून आलेले आहेत. बसताना कोणाचीही पाठ दाराकडे नसते, त्यामुळे आम्ही गोल न बसता घोड्याच्या नालासारखे बसतो. आधी चहा होतो. ‘काय झालं होतं?’ हा प्रश्न येथे कोणी विचारत नाही, ‘झोप लागते का, जेवण जातं का?’ एवढेच विचारतो. कोणी बोलता बोलता त्या सपाट आवाजात जाऊ लागली तर तिला थांबवून आम्ही खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घ्यायला सांगतो. पाय जमिनीला टेकवून, घोंगडीचा खरखरीतपणा हाताने पाहत, ती एकेक नाव घेते आणि हळूहळू खोलीत परत येते. आत्महत्येचे विचार, महिनोन्महिने न लागलेली झोप किंवा दारू असे काही असेल, तर आमच्यातली एक तिच्याबरोबर रुग्णालयात जाते आणि रांगेत शेवटपर्यंत थांबते. झोपेच्या गोळ्या दुकानातून आणून खाणाऱ्या पुष्कळ आहेत, त्यांना डॉक्टरकडे नेणे हे आमचे सर्वांत कंटाळवाणे आणि बहुधा सर्वांत उपयोगाचे काम.

सुरुवातीची दोन वर्षे दंगलीत दुकान जळालेली आणि खटल्यातल्या दोघी एकमेकींशी बोलत नसत. एकीच्या समाजाच्या पोरांनी दुसरीच्या वस्तीवर दगड मारले होते, असे दुसरीचे म्हणणे होते आणि ते बहुधा खरे होते. मी त्यांचा समेट घडवायला गेले नाही. एका मंगळवारी एकीच्या मुलाला दहावीला गणित जड जाते असे निघाले आणि दुसरीची लेक शिकवणी घेते असे निघाले. आता तो मुलगा तिच्याकडे जातो. दगडांचा विषय अजून निघालेला नाही. तो निघायला पंचेचाळीस वर्षे लागू नयेत असे मला वाटते, पण घाई करण्याचा अधिकार माझा नाही.

गेल्या पावसाळ्यात आमची बसायची खोली काढून घेतली गेली, तिथे निवडणुकीचे सामान ठेवायचे होते. त्या खोलीच्या दाराला मी पहिल्याच आठवड्यात सुताराकडून आतून पितळी कडी बसवून घेतली होती. आल्याबरोबर ती लावून बघणाऱ्या एकदोघी होत्या. सध्या आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसतो. तिथे दारच नाही म्हणून मला काळजी वाटत होती. खटल्यातल्या दोघींपैकी थोरलीला मी तसे बोलूनही दाखवले. तिने व्हरांड्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले, चटई खांबाजवळ ओढली आणि म्हणाली, ‘असू द्या बाई. हितं दोन्हीकडून येणारा दिसतो.’ शाळा सुटल्यावर फाटकाला कुलूप लागते, म्हणून किल्ली शिपाईमामांकडून सोमवारीच मागून ठेवावी लागते.